गिरगाव ते दादर, चर्चच्या वह्यांच्या वाटेने

मुंबईत ‘पोर्तुगीज चर्च’ दोन. एक गिरगावात, जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावर, खोताच्या वाडीजवळ. दुसरं दादरला, गोखले रोडवर. दोन्हीकडच्या लोकांना आपापलं चर्च इतकं सवयीचं, की पत्ता सांगताना ‘गिरगावचं’ किंवा ‘दादरचं’ असं जोडायचं कुणाच्या मनातही येत नाही. पण ऑस्ट्रेलियात नाहीतर कॅनडात वाढलेली एखादी नात ‘आजोबांचं लग्न पोर्तुगीज चर्चमध्ये लागलं’ एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर मुंबईत उतरते, तेव्हा तिच्या शोधाला पहिल्याच पावलाला दोन फाटे फुटतात. गिरगावचं चर्च सेंट तेरेसाचं, १७७३ मधलं. दादरचं अवर लेडी ऑफ साल्वेशनचं, १५९६ मधलं. पोर्तुगीजांच्या तोंडी ते नोसा सेन्योरा दा साल्वासांव. मधे सहा-सात किलोमीटरचं अंतर आणि पावणेदोनशे वर्षांचं.

गिरगाव ते दादर हा पट्टा मराठी वाचकाला चाळी, गिरण्या, नाट्यगृहं आणि गणेशोत्सव यांच्यामुळे पाठ असतो. याच पट्ट्यात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घराण्यांच्या दोन-अडीचशे वर्षांच्या पिढ्या चर्चच्या कपाटांत नोंदवलेल्या आहेत, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात आणि कितीतरी घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापून घेतले आहेत. मुंबईच्या ख्रिस्ती घराण्याला तसा छापील कुलवृत्तांत सहसा मिळत नाही. त्याला तो स्वतः जुळवावा लागतो, आणि त्यासाठी पायपीट करावी लागते. ही पायपीट म्हणजे मुंबईच्या इतिहासातून मारलेला एक वेगळाच फेरफटका आहे.

सुरुवात आडनावापासून करावी, असं कुणालाही वाटेल. तिथेच वाट चुकते. डिसोझा, परेरा, फर्नांडिस, रॉड्रिग्ज, डिमेलो, गोन्साल्विस ही आडनावं पोर्तुगीज काळात बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली. कधी धर्मपित्याचं, कधी विधी करणाऱ्या पाद्र्याचं. त्यामुळे गिरगावचे परेरा आणि वसईचे परेरा यांचा रक्ताचा संबंध असेलच असं नाही. त्यांच्यातला एक मूळचा कोळी, दुसरा कुणबी, तिसरा ब्राह्मण कुळातला असू शकतो. शिवाय त्याच गल्लीत गोव्याहून आलेले परेरा, मंगळूरहून आलेले परेरा. मुंबई, खाडीपलीकडची साष्टी आणि वसई इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांनी तर स्वतःला या नव्या पाहुण्यांपासून वेगळं ओळखता यावं म्हणून मुद्दाम ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं आणि व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, २६ मे १८८७ रोजी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. ही मंडळी घरात मराठीची आपली वेगळी बोली बोलतात, लग्नात ‘उंबराचं पाणी’ आणतात आणि मूळ गावाचा उल्लेख अभिमानाने करतात. म्हणून शोध घेणाऱ्याने आडनाव दुसऱ्या नंबरवर ठेवावं. पहिला प्रश्न एकच: घर कुठे होतं आणि त्या घराचं चर्च कोणतं?

कारण नोंद चर्चपाशी असते. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूने लग्नांची वही ठेवावी असा नियम केला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी कशा लिहायच्या, याचे नमुनेच घालून दिले. त्यामुळे रोम असो, मनिला असो की दादर, कॅथलिक वहीतली नोंद बऱ्याच अंशी एकाच साच्याची असते. जन्म-मृत्यू नोंदवण्याची सरकारी यंत्रणा आपल्याकडे रुजली ती थेट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

अशी एक नोंद जवळून पाहण्यासारखी असते. वही लांब आणि जड, कडेला चामड्याची बांधणी. पानावर डावीकडे अनुक्रमांक आणि मुलाचं नाव. मग बाप्तिस्म्याची तारीख, जन्माची तारीख, वडिलांचं नाव, आईचं लग्नाआधीच्या आडनावासह नाव, राहण्याचं ठिकाण, वडिलांचा धंदा, धर्मपिता आणि धर्ममाता, शेवटी फादरची सही. जुन्या नोंदी लॅटिनमध्ये नाहीतर पोर्तुगीजमध्ये. घरात ज्याला सगळे जॉन म्हणत, तो इथे योआनेस असतो. जेम्स हा याकोबुस. पोर्तुगीज लेखनिकाला हात वाचवायची सवय, म्हणून फ्रान्सिस्को किंवा आंतोनियो पूर्ण लिहिलेलं क्वचित दिसतं. सुरुवातीची दोन-तीन अक्षरं आणि शेवटचं अक्षर वर चढवलेलं, एवढ्यावर काम भागवलेलं. लोहयुक्त काळ्या शाईने जिथे रेघ जाड पडली तिथे कागद कुरतडला जातो आणि मुंबईची दमट हवा उरलेलं काम करते. अशा पानावर बोट फिरवू नये, हे कुणी सांगायची गरज पडत नाही.

या सगळ्यात बापाच्या नावाइतकंच मोल धर्मपिता आणि धर्ममाता यांच्या नावांना आहे. ही माणसं बहुधा घरातलीच: मुलाचा मामा, बापाची बहीण, शेजारच्या वाडीतला मेहुणा. पाच भावंडांच्या पाच नोंदी एकत्र मांडल्या, तर धर्मपित्यांच्या नावांतून आख्खं गणगोत उभं राहतं. त्याहून उपयोगी असतो तो समास. १९०८ पासून कॅथलिक चर्चमध्ये एक नियम लागू झाला: माणसाचं लग्न जगात कुठेही लागलं, तरी त्याची खबर त्याच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवायची आणि ती मूळ नोंदीच्या बाजूला लिहायची. म्हणजे गिरगावात जन्मलेल्या मुलीचं लग्न पंचवीस वर्षांनी नैरोबीत किंवा कराचीत लागलं असेल, तरी त्याचा धागा गिरगावच्याच पानावर, समासात, वेगळ्या शाईत सापडू शकतो. हा नियम ज्याला माहीत नसतो, तो समासाकडे न बघताच पान उलटतो आणि सोन्यासारखा पुरावा हातचा घालवतो.

पॅरिश ऑफिसात वही पुढ्यात ठेवली जाईल, अशी अपेक्षा मात्र करू नये. वह्यांमध्ये हयात माणसांच्या खाजगी गोष्टी असतात: दत्तक मुलं, लग्नाबाहेरचे जन्म, मोडलेली लग्नं. म्हणून बहुतेक ठिकाणी कार्यालयातला माणूस किंवा फादर स्वतः शोधतात आणि सापडलेल्या नोंदीचा दाखला देतात. मिसाच्या आधी-नंतरची घाई टाळावी, कार्यालयाची वेळ विचारून जावं, आणि सोबत नेमकं काही न्यावं. पहिला प्रश्न हमखास ‘साल काय?’ हाच येतो. ‘तीस-पस्तीसच्या आसपास’ हे उत्तर दिलं, की समोरच्या माणसाच्या कपाळावर आठी उमटते, आणि ते रास्तच आहे. तो चार-पाच वर्षांची पानं आपल्या कामातून वेळ काढून चाळणार असतो. दाखला मागताना त्रोटक नमुना न घेता धर्मपित्यांची नावं आणि समासातल्या नोंदी यांच्यासह पूर्ण उतारा मागावा.

सेंट तेरेसाच्या समोरून खोताच्या वाडीत शिरलं, की गिरगावचा आवाज मागे राहतो. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, कौलारू छपरं. वाडीचं नाव दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थावरून पडलं. त्यांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरं बांधली. एकेकाळी पासष्टच्या आसपास घरं होती, आज त्यांतली निम्मीही शिल्लक नाहीत. जवळच केशवजी नाईक चाळ, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे. वाडीतलं छोटं प्रार्थनाघर १८९९ चं, प्लेगच्या काळातलं. मुंबईत जुन्या ख्रिस्ती वस्त्यांमधून रस्त्याच्या कडेला जे दगडी क्रूस दिसतात, त्यांतल्या कितीतरी क्रूसांवर याच वर्षांच्या तारखा आहेत. वंशावळ जुळवणाऱ्याने त्या तारखा टिपून ठेवाव्यात. एखाद्या घराण्यातल्या तीन-चार व्यक्ती १८९६ ते १९०० या काळात एकाएकी वहीतून दिसेनाशा होतात, त्याचं उत्तर पुष्कळदा दफनाच्या नोंदींत असतं.

गिरगावातून धोबीतलावाकडे जाताना वाटेत कॅवेल लागतं. इथल्या रस्त्याला डॉ. विगास स्ट्रीट म्हणतात. गोव्यात हडफडे इथे जन्मलेले अकासियो विगास मुंबईत डॉक्टरी करत होते आणि सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात आलेला ताप हा गाठीचा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखलं. पुढे ते महापालिकेचे अध्यक्ष झाले. विगास यांच्यासारख्या माणसाचा जन्म गोव्यातल्या चर्चच्या वहीत, कर्तृत्व मुंबईच्या पालिकेच्या दप्तरात. गोव्याहून आलेल्या बहुतेक घराण्यांची कागदपत्रं अशीच दोन ठिकाणी विखुरलेली असतात. धोबीतलाव आणि माझगावच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे गावागावांच्या क्लबांमध्ये, राहून जहाजावर चढणारे खलाशी वर्षानुवर्षं मुंबईत काढत, पण लग्नाला आणि मुलाच्या बाप्तिस्म्याला गावी जात. त्यांची मुंबईतली एकमेव नोंद कधीकधी मृत्यूची असते.

अलीकडे या वह्यांकडे गर्दी वळली आहे ती आणखी एका कारणाने. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालच्या नागरिकत्वाचा दावा करता येतो. त्यासाठी आजोबा, वडील आणि नातू यांच्या कागदांवरची नावं एकमेकांशी जुळावी लागतात. गोव्याच्या नोंदीत ‘जुझे’, मुंबईच्या बाप्तिस्म्यात ‘जोसेफस’ आणि पासपोर्टवर ‘जोसेफ’, अशी तिन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं सिद्ध करताना घरच्यांची दमछाक होते. पालिकेच्या जुन्या जन्मनोंदीत तर पुष्कळदा नावच नसतं. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढीच नोंद, कारण नाव ठेवायच्या आधीच जन्म कळवलेला असे. ते नाव मग चर्चच्याच वहीतून काढावं लागतं.

गिरगावातच वहीच्या दुसऱ्या परंपरेची गाठ पडते. ती प्रॉटेस्टंटांची. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले, आणि त्यांच्या मिशनचं आंब्रोळी चर्च गिरगावात उभं आहे. १८४३ मध्ये याच मिशनमध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद जेमतेम बारा वर्षांचा; तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलाला त्यांच्या ताब्यात दिलं. मग श्रीपादला जातीत परत घ्यायचं की नाही, यावरून मुंबई ढवळून निघाली. बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्धीच्या बाजूने उभं राहून कर्मठांचा रोष ओढवून घेतला. आज या घराण्याची वंशावळ मांडायची म्हटली, तर एका भावाचा माग चर्चच्या कागदांत घ्यावा लागेल, दुसऱ्याचा कोर्टाच्या दप्तरात आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांत. धर्मांतराने घर कसं दुभंगत होतं, हे इतक्या ठसठशीतपणे दाखवणारं उदाहरण दुसरं क्वचितच सापडेल.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं घरही असंच. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी, अहमदनगर जिल्ह्यात. नवरा-बायकोच्या नोंदी दोन गावांत, दोन वह्यांत, आणि मधल्या पाच वर्षांची हकिकत ‘स्मृतिचित्रे’मध्ये. असं पुस्तक प्रत्येक घराण्याच्या नशिबी नसतं. पण मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी ‘ज्ञानोदय’ आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये नगरला सुरू केलेल्या या नियतकालिकाच्या जुन्या अंकांतून मृत्युवार्ता आणि मंडळ्यांच्या बातम्या मिळतात. वहीत तारीख सापडते; माणूस कसा होता, कुठल्या गावाहून आला, शाळामास्तर होता की उपदेशक, हे ‘ज्ञानोदय’च्या चार ओळींत सापडतं.

या अमेरिकन मिशनमागच्या संस्थेचा पसारा पाहिला, की थक्क व्हायला होतं. बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबई बंदरात उतरले. त्याच बोर्डाने १८२० मध्ये हवाईला आणि १८५२ मध्ये पॅसिफिकमधल्या कोसराए आणि पोह्नपे या बेटांवर माणसं पाठवली. ही बेटं आज मायक्रोनेशियाच्या संघराज्यात आहेत. त्या बेटांवर लेखनाची पद्धत मिशनऱ्यांबरोबरच रुजली, म्हणून तिथल्या कुटुंबाला पणजोबांच्या पलीकडे कागदाने जायचं, तर चर्चच्या वह्या आणि मिशनची पत्रं हाच मुख्य मार्ग. बोर्डाची पत्रं, अहवाल, दैनंदिन्या अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. भायखळ्याच्या आणि नगरच्या मराठी मंडळ्यांबद्दल लिहिलेली पत्रं आणि पोह्नपेहून आलेली पत्रं एकाच छपराखाली! लंडन मिशनरी सोसायटीचंही तसंच. तिचा जॉन विल्यम्स १८३० मध्ये सामोआला पोचला, आणि तिच्याच बेळगावच्या मिशनमध्ये १८५४ मध्ये बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा झाला. त्या सोसायटीचे कागद लंडनच्या सोआस विद्यापीठात आहेत. बेळगाव असो की सामोआ, शोध शेवटी त्याच कपाटाशी येतो.

मुंबईच्या प्रॉटेस्टंट वह्या आज कुठे विचारायच्या, याला एक साधं सूत्र आहे. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या अशा निरनिराळ्या धारा त्यात मिळाल्या. म्हणून पणजोबांच्या दाखल्यावर ‘स्कॉटिश मिशन’ लिहिलं असलं, तरी आज दार ठोठावायचं ते या चर्चचं. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र बाहेर राहिले. त्यांचं वेगळं विचारावं.

धोबीतलावाला क्रॉस मैदानावर थांबलं पाहिजे. मैदानाला नाव देणारा क्रूस हा एका हललेल्या चर्चची खूण आहे. नोसा सेन्योरा दा एस्पेरान्सा हे चर्च किल्ल्याबाहेरच्या याच परिसरात होतं. किल्ल्यावरच्या तोफांसमोर मोकळं मैदान हवं म्हणून १७६० च्या सुमाराला इंग्रजांनी ते पाडलं आणि ते भुलेश्वरला नव्याने उभं राहिलं. हाच प्रकार माझगावच्या ग्लोरिया चर्चचा. १६३२ चं हे चर्च १९११ मध्ये रेल्वेसाठी पाडलं गेलं आणि आज भायखळ्याला दिसणारी गॉथिक वास्तू १९१३ पर्यंत बांधून झाली. ‘अमर अकबर अँथनी’मुळे ही इमारत सगळ्या देशाला माहीत झाली. शोध घेणाऱ्यासाठी यातला धडा रोकडा आहे: १९०५ च्या दाखल्यावर ‘ग्लोरिया, माझगाव’ असेल, तर माझगावात भटकण्यात अर्थ नाही, भायखळ्याला जावं.

माझगावातच माथारपाखाडी आहे, आणि तिथे १८६४ मध्ये जोसेफ बाप्टिस्टा जन्मले. घराणं मूळचं उत्तनचं, ईस्ट इंडियन. लोकमान्य टिळकांचे सहकारी, होमरूल लीगचे अध्यक्ष, १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. महाराष्ट्राने त्यांना प्रेमाने ‘काका’ म्हटलं. १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटना उभी राहिली, त्यातही ते पुढे होते. परळ-लालबागच्या गिरणी कामगारांच्या इतिहासात त्यांचं नाव जितक्या ठळकपणे यायला हवं तितकं येत नाही, ही खंत वाटण्यासारखीच गोष्ट आहे. वंशशोधाच्या दृष्टीने त्यांचं घर नमुन्यासारखं आहे: मूळ गाव साष्टीच्या टोकाला, वस्ती माझगावात, कबर शिवडीत. मध्य मुंबईतली कितीतरी ईस्ट इंडियन घराणी याच तीन टप्प्यांतून गेलेली आहेत.

भायखळ्याहून लालबाग-परळला शिरलं, की चर्चं विरळ होतात आणि गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर डोळ्यांत भरतात. पण परळचं सगळ्यात जुनं ख्रिस्ती ठिकाण भलत्याच नावाखाली लपलेलं आहे. आज जिथे हाफकिन संस्था आहे, तिथे पोर्तुगीज काळात मठ आणि चर्च होतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ते पाद्र्यांकडून काढून घेतलं, पुढे तिथे गव्हर्नरचा बंगला झाला. १८९९ मध्ये वाल्डेमार हाफकिनची प्लेग प्रयोगशाळा या वास्तूत आली. विगास यांनी ओळखलेल्या रोगावरची लस तयार करायला शेवटी एक जुना मठ उपयोगी पडला. त्या मठाच्या काळातल्या परळकरांचा माग आज परळमध्ये काढता येत नाही, आसपासच्या जुन्या चर्चांकडेच वळावं लागतं.

परळच्या रेल्वे वर्कशॉपमुळे इथे अँग्लो-इंडियन कुटुंबंही राहिली. त्यांच्यासाठी एक मोठी सोय आहे. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनांच्या नोंदींच्या नकला १७०९ पासून लंडनला पाठवल्या जात, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा संगणकावर शोधता येतात. भर अर्थातच युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांवर, तरी भारतीय प्रॉटेस्टंटांची नावंही अधूनमधून भेटतात. कॅथलिकांची गोष्ट वेगळी; त्यांची मूळ वहीच गाठावी लागते. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने मात्र कॅथलिक धर्मगुरूंनाही लग्नांची माहिती दर तीन महिन्यांनी सरकारी निबंधकाकडे पाठवणं बंधनकारक केलं. त्यामुळे चर्चच्या वहीचं पान वाळवीने खाल्लं असेल, तर लग्नाचा दुसरा पुरावा सरकारदरबारी शोधता येतो.

शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी लालबागपासून फार लांब नाही. आर्थर क्रॉफर्ड पालिकेचे आयुक्त असताना, १८६० च्या दशकात, बागायती संस्थेच्या जागेवर ती झाली. झाडी अजून दाट आहे. इथे बोरीबंदरची इमारत बांधणारे फ्रेडरिक स्टीव्हन्स आहेत, काका बाप्टिस्टा आहेत, कवी डॉम मोराइस आहेत, आणि त्यांच्या आजूबाजूला शाळामास्तर, नर्सा, खलाशी, टंकलेखक. कबरीवरचा दगड वाचणं हा वंशशोधातला सगळ्यात आनंदाचा भाग असतो, कारण दगडावर घरच्यांनी स्वतः निवडलेले शब्द असतात. पण जागेच्या टंचाईमुळे मुंबईत सगळ्या कबरी कायमच्या नसतात. ठरलेल्या मुदतीनंतर अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि तीच कबर पुन्हा वापरली जाते. म्हणून दगड सापडला नाही तर निराश होऊन परत फिरू नये. आधी कोनाड्यांच्या भिंती वाचाव्यात, मग कार्यालयात दफनाच्या तारखेवरून विचारावं. आणि दफनाची तारीख हवी, तर पुन्हा पॅरिशचीच वही.

दादरला पोचल्यावर या सगळ्या शोधातला सर्वांत अवघड पेच समोर येतो. तो समजल्याशिवाय मध्य मुंबईतलं कुठलंच कॅथलिक घराणं नीट उलगडत नाही. १७२० मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीज पाद्र्यांना मुंबई बेटातून घालवलं आणि चर्चं रोमने नेमलेल्या कार्मेलाइट धर्मगुरूंच्या हाती दिली. गोव्याच्या आर्चबिशपने हक्क सोडला नाही. अखेर १७९४ मध्ये वाटणी झाली: भुलेश्वरचं एस्पेरान्सा आणि माहीमचं सेंट मायकल रोमच्या प्रतिनिधीकडे, दादरचं साल्वासांव आणि माझगावचं ग्लोरिया गोव्याकडे. एकाच शहरात दोन अधिकार, आणि घरोघरी दोन निष्ठा. १८५३ मध्ये माहीमच्या लोकांनी बाजू बदलायचं ठरवलं, तेव्हा रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन सेंट मायकल चर्चमध्येच ठाण मांडून बसले आणि बाहेरून वेढा पडला. शेवटी माहीमही गोव्याच्या बाजूला गेलं. ही दुहेरी सत्ता संपली ती १९२८ मध्ये, पोर्तुगाल आणि रोम यांच्यातल्या करारानंतर.

याचा वहीशी संबंध थेट आहे. शेजारी राहणाऱ्या दोन भावांपैकी एकाची मुलं एका चर्चमध्ये आणि दुसऱ्याची दुसऱ्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेत असतील, तर त्यामागे घरातलं भांडण असेलच असं नाही. अधिकाराचा वाद असू शकतो. घराला सगळ्यात जवळच्या चर्चमध्ये नोंद सापडली नाही, की बहुतेक लोक ‘नोंद हरवली’ म्हणून सोडून देतात. १९२८ च्या आधीचं साल असेल, तर त्याच भागातलं दुसऱ्या सत्तेखालचं चर्च विचारून पाहिल्याशिवाय हार मानू नये. पार्श्वभूमी नीट समजून घ्यायची, तर फादर अर्नेस्ट हल यांचा मुंबई मिशनचा इतिहास आणि एल्सी बाप्टिस्टा यांचं ईस्ट इंडियनांवरचं १९६७ चं पुस्तक हाताशी असावं. सेंट झेवियर्स कॉलेजातली हेरास संस्था अशा वाचनासाठी योग्य जागा.

दादरच्या साल्वासांवची आजची वास्तू वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची, १९७० च्या दशकातली: काँक्रीटची छत्रं आणि त्यांच्यामधली उघड्या आभाळाखालची अंगणं. १५९६ च्या चर्चचं बाह्यरूप शोधायला येणाऱ्याचा विरस होतो. पण ज्याच्या हातात पणजीच्या बाप्तिस्म्याचा उतारा आहे, त्याच्यासाठी जुन्या भिंतींपेक्षा उताऱ्यातला राहण्याच्या ठिकाणाचा रकाना मोलाचा. तिथे ‘दादर’ किंवा ‘माहीम’ असेल तर शोध इथेच आणखी एक पिढी मागे नेता येतो. ‘साष्टी’ किंवा तिथलं एखादं गाव असेल, तर माहीमची खाडी ओलांडावी लागते. १८४५ मध्ये खाडीवर रस्ता झाला आणि दोन्ही तीरांमधली सोयरीक वाढली. पलीकडे पहिलं मोठं ठिकाण वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज, जेझुइटांनी १५७५ मध्ये बांधलेलं. वसईची गावं १९९८ पासून वेगळ्या वसई धर्मप्रांतात गेली आहेत, त्यामुळे तिथला पत्रव्यवहार मुंबईशी न करता वसईशी करावा.